नाईक परबचं जर्मन पिस्तूल

लढाईत मी पलटणीचा आर्मरर होतो. म्हणजे बंदुका चालवणारा नव्हे, दुरुस्त करणारा. घाटकोपरला आमच्या चाळीत लोक अजून विचारतात, "सखाराम, किती जर्मन मारलेस रे?" एकही नाही. मी स्प्रिंगा बदलल्या, फायरिंग पिना घासल्या, ब्रेनगनच्या नळ्या साफ केल्या. हे ऐकलं की विचारणाऱ्याचं तोंड पडतं. त्याला मी काय करू?

ही हकीगत एका पिस्तुलाची आहे आणि त्याच्या गोळीनं मेलेल्या एका माणसाची. तो माणूस माझा दोस्त होता, आणि तो माझ्या शब्दावर मेला. त्याच्या आईला मी वेगळंच सांगितलं होतं. लढाई संपून नऊ वर्षं झाली तेव्हा खरं सांगायची वेळ आली.

आधी पिस्तुलाबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जर्मन फौजेकडे पूर्वी जे पिस्तूल होतं ते दिसायला देखणं, पण बनवायला महाग आणि वेळखाऊ. त्यातले बरेच भाग कारागिरानं हातानं जुळवायचे. लढाईच्या तोंडावर त्यांनी नवीन घेतलं, ते हे पी-थर्टीएट. नऊ मिलिमीटर, मुठीत आठ गोळ्यांचं मॅगझिन. माझ्या हाती आलेल्यावर कारखान्याचं नाव नव्हतं, नुसती बारीक अक्षरं आणि सालाचे दोन आकडे. लढाई ऐन भरात असताना बनवलेलं, त्यामुळे वरून यंत्राचे ओरखडे तसेच राहिलेले. आतलं काम मात्र चोख. मी आयुष्यभर हत्यारं हाताळली. शत्रूचं असलं तरी चांगल्या कामाला चांगलंच म्हणावं लागतं.

त्याची एक खुबी अशी, की चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, गोळी भरून, घोडा खाली पाडून ते कमरेला बाळगता येतं. वेळ आली की नुसता चाप ओढायचा. आमच्या साहेब लोकांकडे रिव्हॉल्व्हर असायचं. त्याचं चक्र उघडलं की सहाच्या सहा घरं डोळ्यांना दिसतात. स्टेनगनचं मॅगझिन काढलं की ती मेली, आत गोळी राहतच नाही. माझा हात या दोन्हींवर बसलेला. रायफल असती तर बोल्ट मागे ओढून आत बघितलंच असतं, ते अंगवळणी होतं. पण हातात छोटं हत्यार आलं की माझ्या डोक्यात रिव्हॉल्व्हर यायचं.

इटलीत आमची पलटण एका नदीच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर मोर्चा धरून होती. हिवाळा. पहाटे साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन आपापल्या जागी. साडेसहाला स्टँड-डाउन. मग चहा. सात वाजल्यापासून माझं काम सुरू. एका पडक्या गोठ्यात माझं आर्मरर शॉप होतं, एक टेबल आणि दोन पेट्या.

नाईक विश्राम परब बी कंपनीत सेक्शन कमांडर, म्हणजे दहा जणांचा म्होरक्या होता. त्याचं गाव आणि माझं गाव यांच्यात एक खाडी. घर पार्ल्याला. वडील गिरणीत होते ते वारले, मागे आई आणि धाकटा भाऊ. मला तो मिस्त्री म्हणायचा, आणि त्याच्यामुळे सगळी पलटण म्हणायला लागली.

एका सकाळी त्याच्या पेट्रोलला, म्हणजे गस्तीच्या तुकडीला, एक जर्मन अफसर भेटला. हात वर करून झाडीतून स्वतःच बाहेर आला, दोन दिवसांचा उपाशी. कमरेचं पिस्तूल त्यानं मूठ पुढे करून परबच्या हातात दिलं. गोळी सुटली नाही, झटापट नाही. परबनं त्याच संध्याकाळी घरी पत्र लिहिलं, की जर्मनाचं पिस्तूल मिळालंय, खंडेनवमीला पूजेत ठेवायला आणतो. सेन्सॉरनं ते कसं सोडलं देव जाणे.

दोन दिवसांनी सकाळी सात वीसला तो गोठ्यात आला.

"मिस्त्री, रिकामं आहे ना रे बघ."

मी मॅगझिन काढलं. आत सात गोळ्या होत्या. मॅगझिन आठचं. आठवी कुठे आहे हे मी विचारलं नाही. घोडा बघितला, खाली होता. घोड्याच्या वरच्या बाजूला एक बारीक पिन बाहेर आलेली दिसली. मला वाटलं, असेल काहीतरी.

"रिकामं आहे," मी म्हणालो.

त्यानं ते पट्ट्यात खोचलं आणि जर्मन अफसर कसा ऐटीत चालतो ते करून दाखवायला लागला. मग पट्ट्यातून उपसताना बोट चापावर पडलं. गोळी मांडीत गेली. मोठी शीर तुटली. मी दोन्ही हातांनी दाबून धरली. स्ट्रेचर यायला वेळ लागला, कारण पलीकडच्या उतारावर मॉर्टरचे गोळे पडत होते. सात पंचेचाळीसला तो गेला.

कंपनी कमांडर मेजरसाहेब गोठ्यात आले. टेबलावरचं पिस्तूल बघितलं, मला बघितलं. सगळं त्यांना मी जसंच्या तसं सांगितलं.

"एनिमी अ‍ॅक्शन में मरा," ते म्हणाले. "मॉर्टर. समझा?"

"सर, चूक माझी—"

"आर्मरर मेरे पास एक ही है. काम पे जाओ."

मी काम पे गेलो. त्या दिवशी तीन ब्रेन दुरुस्त केल्या.

ती पिन म्हणजे काय ते मला महिन्याभरानं एका पुस्तिकेतल्या चित्रावरून कळलं. चेंबरमध्ये गोळी असली की ती पिन बाहेर येते. अंधारातही बोटाला लागावी म्हणून बसवलेली. त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी जेवलो.

लढाई संपली. मी घरी आलो आणि पार्ल्याला परबांच्या घरी गेलो. जायला हवंच होतं. परबची आई, काकी म्हणतो मी त्यांना, दारातच म्हणाल्या, "तेचा पिस्तूल खंय हा?" पत्र त्यांच्याकडे होतं. पिस्तूल माझ्या वळकटीत होतं, हेही खरं. पलटणीत ते कोणी मागितलं नव्हतं, आणि मलाही ते टाकवलं नाही. देत नाही म्हणालो असतो तर का, ते सांगावं लागलं असतं. मी दिलं. मग त्यांनी विचारलं, कसा गेला. मी मॉर्टर सांगितला, वर एक झुंज सांगितली. परबनं ते पिस्तूल समोरासमोर लढून जर्मनाकडून काढून घेतलं, असंही सांगितलं. सुरुवात केली की बोलत सुटतो माणूस.

पुढे मी मुलुंडला एका कारखान्यात टूलरूमला लागलो. दर खंडेनवमीला पार्ल्याला जायचो. पाटावर लाल कापड, त्यावर ते पिस्तूल, झेंडूचा हार. काकी आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवायच्या, म्हणजे गंज चढणार नाही, आणि मग हळदकुंकू भरपूर. धाकटा भाऊ दत्ताराम एकदा हातात घेऊन चाप ओढायचा. आवाज झाला की काकी कौतुकानं हसायच्या. मी भिंतीकडे बघायचो. नऊ वर्षांत मी त्याला हात लावला नाही. काकींना वाटायचं, मी मान ठेवतो.

मग दत्तारामला सरकारी कचेरीत नोकरी लागायची वेळ आली. खाजगी फर्ममध्ये टायपिंग करून कंटाळला होता बिचारा. परीक्षा पास झाला, मुलाखत झाली, राहिली फक्त पोलिसांची चौकशी. दसऱ्यानंतर घरी हवालदार येणार आणि घरात विनापरवाना पिस्तूल. तो मला कारखान्याच्या गेटवर भेटायला आला.

"वाट लागली ना, सखारामदादा. आई द्यायला तयार नाही."

"काय म्हणते?"

"म्हणते, तुझी नोकरी दुसरी मिळेल, विश्रामचं दुसरं काय आहे माझ्याकडे?"

चौकीतले एक फौजदार त्याच्या ओळखीचे होते. त्यांनी मार्ग सांगितला होता. लढाईत मिळालेलं हत्यार आठवण म्हणून ठेवायला परवाना मिळू शकतो. त्यासाठी ते कोणी, कुठे, कसं मिळवलं याचं साक्षीदाराच्या सहीचं स्टेटमेंट हवं. आणि हत्यार रिकामं आहे असं कोणा जाणकारानं लिहून द्यायला हवं. साक्षीदार मी आणि जाणकारही मीच.

"तुम्ही खंडेनवमीला येताच ना," दत्ताराम म्हणाला. "तेव्हा एक सही करा. आपलं काम झकास होऊन जाईल."

त्या रात्री बायकोनं विचारलं, "बरं नाही का?" मी म्हणालो, बरं आहे. झोप लागली नाही.

खंडेनवमीला सकाळी साडेनऊला मी पार्ल्याला पोचलो. बिस्किटांच्या कारखान्याचा वास आळीभर सुटला होता. काकी जमिनीवर बसून झेंडूचा हार ओवत होत्या. दत्तारामनं सुवाच्य अक्षरात फुलस्केपवर स्टेटमेंट तयार ठेवलं होतं. मी वाचलं. "माझे मित्र नाईक विश्राम परब यांनी समोरासमोरच्या झुंजीत शत्रूच्या अधिकाऱ्यास नमवून सदर पिस्तूल हस्तगत केले." सगळे शब्द माझेच होते, नऊ वर्षांपूर्वीचे.

"सही कर," काकी म्हणाल्या. "मगे पूजा करूया."

"आधी हत्यार बघतो," मी म्हणालो. "रिकामं आहे असं लिहून द्यायचंय तर बघायला हवं."

"रिकामंच आहे," दत्ताराम हसला. "मी दरवर्षी चाप ओढतो."

"तरी बघतो."

जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि पिस्तूल हातात घेतलं. वजन हाताला लगेच ओळखीचं लागलं. मॅगझिन काढलं, रिकामं. वरची सरकती स्लाइड मागे ओढायला गेलो तर ती हलेना. नऊ वर्षांचं खोबरेल आणि हळदकुंकू आत मुरून खळ झाली होती. जोर लावून ओढली. चेंबरमध्ये बोट घातलं, मग उजेडाकडे धरून बघितलं, मग परत बोट घातलं. तीनदा बघितलं. रिकामं होतं. मग रॉकेलच्या फडक्यानं मागची बाजू पुसायला लागलो. घोड्याच्या वर कुंकवाचा लाल गोळा बसला होता. आगपेटीच्या काडीनं तो खरवडून काढला, तेव्हा पिनेचं टोक दिसलं.

"हे काय आहे?" दत्तारामनं वाकून विचारलं.

"पिन."

"कशाला?"

"आत गोळी असली की बाहेर येते. नसली की आत राहते. यात कुंकू गेलंय, आता गोळी भरली असती तरी कळलं नसतं."

"म्हणजे नुसतं बघून कळतं, भरलेलं आहे की नाही? कमाल आहे. तुम्हाला माहीत असणारच म्हणा."

"आता आहे."

"आणि तेव्हा?"

एक हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. पोरगं सहज विचारत होतं. त्याला नोकरी मिळाली असती, काकींना परवाना मिळाला असता, मीही जेवून घरी गेलो असतो.

"तेव्हा नव्हतं," मी म्हणालो.

काकींचे हात हारावर थांबले. "तेवा म्हणजे कदी?"

मग मी सांगितलं. झुंज झाली नव्हती. जर्मन शरण आला होता आणि पिस्तूल त्यानं स्वतः दिलं होतं. मॉर्टरनं विश्राम मेला नाही. रिकामं आहे असं मी सांगितलं आणि ते भरलेलं होतं. याच पिस्तुलानं तो गेला. एवढंच बोललो. काकींकडे बघवत नव्हतं, म्हणून पिस्तुलाकडे बघत बोललो.

दत्ताराम उभा राहिला. "नऊ वर्षं," तो म्हणाला. "नऊ वर्षं तुम्ही आमच्याकडे जेवून जाता, सखारामदादा."

"हो."

"आणि ही इथं त्याला कुंकू लावते."

"हो."

काकी उठल्या. मोरीपाशी जाऊन हात धुतले. परत धुतले. मग पाटावरचं लाल कापड उचलून घडी केली आणि विचारलं, "तो जर्मन? तो मेलो?"

"नाही काकी. कैदेत गेला. नंतर सोडला असेल घरी."

"मी तेच्या आयशीच्या नावान दरवर्सा एक फूल ठेवी," त्या म्हणाल्या. "माका वाटला, माज्या झिलान तिचो मारलो." त्यांनी घडी पाटावर ठेवली. "बरा झाला. तिचो तरी गेलो घरी." मग पिस्तुलाकडे न बघता म्हणाल्या, "ह्या घरात नको. घेवन जा." आणि आत निघून गेल्या.

मी नवीन कागद घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं. शरण आलेल्या अधिकाऱ्यानं दिलं, नाईक विश्राम परब यांनी घेतलं, मी देशात आणलं. घरच्यांचा यात काही दोष नाही, त्यांना हत्यार ठेवायचं नाही, म्हणून जमा करत आहोत. शेवटी "शस्त्र रिकामे आहे" असं लिहिताना पेन थांबलं. परत एकदा चेंबर बघितला आणि मग लिहिलं. सही केली, हवालदार आर्मरर असं खाली घातलं.

दत्ताराम आणि मी चौकीपर्यंत चालत गेलो. पिस्तूल कापडी पिशवीत होतं. फौजदारांनी कागद वाचला, पिस्तूल उलटंसुलटं करून बघितलं.

"चांगली चीज आहे. ठेवायचं नाही?"

"नाही," दत्ताराम म्हणाला.

"का?"

"आई नको म्हणते."

त्यांनी जमा करून घेतलं आणि पावती दिली. त्यातून पुढे कोणाला त्रास झाला नाही, दत्तारामची चौकशीही सुरळीत पार पडली. त्या पिस्तुलाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. अशी हत्यारं वितळवतात म्हणे. चौकीच्या पायरीवर दत्ताराम मला म्हणाला, "आता येऊ नका." मी मान हलवली. त्याचं काही चुकलं नव्हतं.

दिवाळी गेली. मी कारखान्यात जात होतो, येत होतो. खरं बोललं की मोकळं वाटतं असं लोक म्हणतात. मला नाही वाटलं. आधी निदान वर्षातून एकदा त्यांच्याकडे जाता यायचं, आता तेही गेलं. लाज वाटायची, आणि त्यांची आठवणही यायची.

एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला दार वाजलं. दत्ताराम उभा होता आणि त्याच्या मागे काकी. पार्ल्याच्या बाजाराच्या पलीकडे कधी न जाणारी बाई दोन गाड्या बदलून घाटकोपरला आली होती. जिना चढून धाप लागली होती. बायकोनं पाणी दिलं. काकी खाटेवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि भांडं खाली ठेवलं.

"ऐकत नव्हती," दत्ताराम माझ्याकडे न बघता म्हणाला. "आठ दिवस तेच चाललंय."

मी उभाच होतो. शिव्या द्यायला आल्या असतील तर द्याव्यात, अशी तयारी होती. खरं म्हणजे तेच बरं वाटलं असतं.

"सखाराम," काकी म्हणाल्या, "त्या दिवशी तेणा काय खाल्ल्यान?"

मला आधी प्रश्नच कळला नाही.

"त्या सकाळी. तो जेवलो हुतो काय नाय?"

नऊ वर्षं मी त्यांना लढाई सांगत आलो होतो, आणि लढाईच्या गोष्टीत कोणी जेवत नाही. ती सकाळ मी त्यांना सांगूच शकत नव्हतो. सांगितली असती तर गोठाही आला असता आणि टेबलही. त्यामुळे त्यांच्या मुलाचा शेवटचा एक तास माझ्याकडेच राहिला होता.

मी खाली बसलो आणि सांगितलं. पावणेसातला लंगरवर, म्हणजे पलटणीच्या भटारखान्यात, चहा मिळाला. खूप थंडी होती, पाणी गोठलं होतं, म्हणून विश्रामनं उरलेल्या चहानं दाढी केली. चपात्या गरम होत्या. डब्यातल्या गोड दुधाचा वाटा प्रत्येकाला दोन चमचे. त्यानं स्वतःचा चपातीला लावून खाल्ला आणि मग माझाही मागून घेतला.

"तेका गोड आवडायचा," काकी म्हणाल्या.

"तीन चपात्या खाल्ल्या, काकी."

"तीन." त्यांनी दत्तारामकडे बघितलं. "मगे?"

मग आदल्या दिवशी धुतलेला शर्ट गोठ्याच्या दाराशी वाळत टाकला. जर्मन अफसराची नक्कल केली. मी हसत होतो. मग ते झालं. माझ्या मांडीवर डोकं होतं त्याचं. दुखतं असं म्हणाला नाही, थंडी वाजते म्हणाला. मी माझा कोट घातला त्याच्यावर. मला शिवी दिली नाही, दोष दिला नाही. शेवटचं काय बोलला तेही सांगितलं. दारातल्या शर्टाकडे बघून म्हणाला, "मिस्त्री, सदरो सुकलो काय रे?"

"तू काय सांगलंस?"

"सुकला म्हणालो. ओलाच होता."

काकी रडल्या नाहीत. दत्ताराम गॅलरीत जाऊन उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. माझ्या बायकोनं चहा ठेवला. मग काकींनी पदर सारखा केला आणि भिंतीला पाठ टेकून नीट बसल्या.

"परत सांग," त्या म्हणाल्या. "चायेपासून."

मी पुन्हा पावणेसातपासून सुरुवात केली.